भाईंसाठी घोडा बघताना

"मला एक घोडा घ्यायचाय," भाई मानकर म्हणाले आणि हातातला कप त्यांनी बशीत इतक्या हलकेच ठेवला, की शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं असं वाटलं.

मृणालिनी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. घरमालकांनी बोलावलंय म्हटल्यावर जिना उतरता उतरता तिच्या मनात नाना शंका येऊन गेल्या होत्या. वाळत घातलेल्या गोधड्यांचं पाणी खालच्या गॅलरीत गळतं, त्याबद्दल असेल. नाहीतर तिच्या नवऱ्याने, हेमचंद्रने, जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पत्रकांबद्दल असेल. घोड्याचं कुणाच्या मनात येणार?

"घोडा?" ती म्हणाली.

"हो. खराखुरा, चार पायांचा."

आतल्या दारातून भाईंची बहीण बेबीताई डोकावली. वय पंचावन्नच्या पुढे, केस पांढरे, पण सगळ्या वाडीची ती बेबीच. "हायकोर्टातून पेन्शन घेऊन आला, तेव्हा डोकं तिथेच ठेवून आलाय," ती म्हणाली. "तू तरी समजाव ग बाई. तुझं ऐकेल. काल तुला बघितल्यापासून हेच चाललंय त्याचं."

काल म्हणजे असं झालं होतं, की वाडीच्या तोंडाशी ट्रामच्या रुळावर एका व्हिक्टोरियाचा घोडा घसरून पडला. गाडीवाला त्याला चाबकाने उठवू पाहत होता. भोवती गर्दी, आणि गर्दीतला प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. मृणालिनी भाजी घेऊन परत येत होती. पिशवी तिने खाली ठेवली आणि गर्दीतून वाट काढून ती घोड्याच्या मानेपाशी रस्त्यावरच बसली. त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. गाडीवाल्याला म्हणाली, "आधी गाडी सोडा त्याची. आणि वाण्याकडून रिकामी पोती आणा, पायाखाली घालायला." पोती आली. घोड्याने पुढचे पाय रोवले, एक हिसका दिला आणि उभा राहिला. मग मृणालिनी एकदम लाजली, पदर सावरून भाजी उचलून घरी निघून गेली. भाई ते सगळं वरून बघत होते.

"तुमचे वडील कोण होते?" त्यांनी आता विचारलं.

"देशावर एका छोट्या संस्थानात पागेवर सालोत्री होते. घोड्यांचे डॉक्टर."

"तरीच." भाई बोलू लागले, ते खिडकीकडे बघून. "आमच्या आजोबांच्या वेळी मागच्या तबेल्यात दोन घोडे असायचे. तबेला अजून आहे, आता त्यात मोडके पलंग नि गणपतीची मखरं ठेवलीत. मी लहानपणी त्याच्या वरच्या खोलीत झोपायचो. रात्री घोडा पाय बदलतो, माहीत असेल तुम्हाला. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो, नाल दगडावर टेकते. मग एक लांब उसासा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. त्या काहीच नसण्यात मला झोप लागायची. पुढे वडिलांनी घोडे काढले, मोटार घेतली. मोटार रात्री काय बोलणार? नोकरी होती तोवर दमून झोप यायची. आता रात्रभर छताकडे बघत पडतो. गोळ्या झाल्या, तेल झालं, दुधातून जायफळ झालं. मला घोड्यावर बसायचं नाही, गाडीला जुंपायचं नाही. तो नुसता मागे उभा असावा."

असं मागणं घेऊन तिच्या वडिलांकडे, आप्पांकडे, कुणी कधी आलं नव्हतं. सरदार आले, पाटील आले, लग्नाच्या वरातीसाठी जनावर हवं म्हणून लोक आले. आप्पा प्रत्येकाला आधी विचारायचे, कशासाठी हवा? निम्म्या लोकांना उत्तर देता यायचं नाही. या म्हाताऱ्या गृहस्थांना मात्र आपल्याला काय हवंय ते अगदी नेमकं ठाऊक होतं.

"बघू या," मृणालिनी म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

हेमचंद्र रात्री समितीच्या बैठकीहून परतला, तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होता, ऑफिस सुटलं की थेट सभेला किंवा बैठकीला जायचा. जेवता जेवता तो खो खो हसला. "इथे मुंबईसाठी लोक जीव देताहेत, आणि आमचे मालक घोडा घेताहेत!" मग भाताचा घास हातातच धरून म्हणाला, "मिरवणुकीला मिळेल का ग पण?"

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही, आणि मग सल्ल्यांना ऊत आला. बेबीताईचं म्हणणं, छातीवर केसांचा भोवरा असलेला घोडा घरात आणायचा नाही, घरधन्याला सोसत नाही. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, घ्यायचा तर पंचकल्याणीच घ्या, चारी पाय पांढरे नि कपाळावर पांढरा पट्टा. कुणी म्हणालं काळा नको, कुणी म्हणालं घोडी नको, कुणी म्हणालं दात मोजा. दात मोजून नक्की काय कळतं, ते मात्र सांगता येईना. भाई सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी मृणालिनीला विचारायचे, "खरं का हो हे?"

"भोवऱ्यांचं मला माहीत नाही," ती म्हणायची. "आप्पा भोवरे बघायचे नाहीत. ते म्हणायचे, विकणारा जी बाजू दाखवतो तिच्याकडे थोडं बघावं, नि मग हळूच दुसऱ्या बाजूला जावं."

पहिला घोडा त्यांनी महालक्ष्मीला पाहिला, रेसच्या मैदानामागे. तांबूस, उंच, उन्हात तांब्याच्या घंगाळासारखा चमकणारा. भाई त्याच्यासमोर लहान मुलासारखे उभे राहिले. "हाच," ते कुजबुजले. मृणालिनीने घोड्याच्या पायावरून वरून खालपर्यंत हात फिरवला, मग पोटाखाली हात लावून पाहिला. हात ओला झाला.

"आम्ही येण्याआधी फिरवून आणलाय याला," ती भाईंना बाजूला घेऊन म्हणाली. "थंड असताना बघायला हवा. उद्या सकाळी न सांगता येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घोडा आपल्या ठाणावर उभा होता आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत होता. न थांबता. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते.

"धावायला शिकवलं, थांबायला शिकवलं नाही कुणी," मृणालिनी म्हणाली. "हा रात्रभर झुलत राहील, भाई. आणि वर तुम्ही."

भाईंनी मान हलवली. परतताना ट्राममधून उतरता उतरता ते म्हणाले, "माझीच ओळख झाल्यासारखं वाटलं मला तिथे."

ग्रँट रोडजवळच्या तबेल्यातला दुसरा घोडा गव्हाणीची कड दातांत धरून वारा गिळत होता. त्याचा ढेकरासारखा आवाज ऐकून भाईच म्हणाले, "हा नको." तिसरा चांगला होता, पण त्याला खोकला होता. असं करत पावसाळा संपला, नवरात्र झालं. दर आठवड्याला एकदा दुपारी दोघं निघत. कधी बेबीताई सोबत यायची आणि तबेल्याबाहेर नाकाला रुमाल लावून उभी राहायची. मृणालिनीला या दुपारी हव्याहव्याशा वाटू लागल्या होत्या. लग्न होऊन गिरगावात आल्यापासून तिच्या अंगाला घोड्याचा वास लागला नव्हता. आता घरी आल्यावर ती हात लगेच धुवायची नाही. भात शिजेपर्यंत तळहात नाकाशी धरून ओट्यापाशी उभी राहायची.

लालबागचा तबेला हुसेनमियाँचा. म्हातारा कोकणातला, मराठी बोलणारा. व्हिक्टोरियाचे दिवस संपत आले म्हणून एकेक जनावर काढून टाकत होता. दुपारची वेळ होती. गिरण्यांची धडधड दुरून जमिनीतून पायांना लागत होती. आत अंधार, आणि त्या अंधारात गवताच्या धुळीतून उन्हाची एक तिरीप आडवी पडलेली. तिच्या पलीकडे एक सब्जी घोडी उभी होती, म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाची, पाण्यात राख मिसळल्यासारखी.

हुसेनमियाँ तिला बाहेर काढायला निघाले. मृणालिनी म्हणाली, "नको. राहू दे तिथेच. आम्ही थोडा वेळ इथे बसलो तर चालेल?"

म्हाताऱ्याने दोन पेंढ्या सरकवल्या. तिघंही बसले. घोडीने एक कान त्यांच्याकडे वळवला, दुसरा तसाच राहू दिला. मग तिला त्यांचा विसर पडला. मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ सैल सुटला. बराच वेळ गेला. मग तिने मागचा डावा पाय उचलून भार उजव्यावर घेतला. टक्. आणि पोटातून निघालेला, नाकपुड्यांतून थरथरत बाहेर पडलेला एक मोठा उसासा.

मृणालिनीने भाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"हिचं नाव शेवंती," हुसेनमियाँ हळूच म्हणाले. "खोटं सांगत नाही, ताई. आमची पोरगी घाबरट आहे. ट्रामची घंटा वाजली की गाडी फुटपाथवर. मोटारीचा भोंगा वाजला की मागच्या पायांवर. दोन गाडीवाल्यांनी परत आणून सोडली."

मृणालिनी उठली. तिने घोडीचे खूर पाहिले, दात पाहिले, छातीला कान लावून श्वास ऐकला. मग हुसेनमियाँना म्हणाली, "तुम्ही बाहेर जा, आणि परत या." ते बाहेर गेले. परत आले तेव्हा घोडीने मान वर करून नाकातून बारीक आवाज केला. ओळखीचा.

"माणसावर राग नाही हिचा," ती भाईंना म्हणाली. "भीती आहे, खोड नाही. भीती जाते. पण गेली नाही तरी तबेल्यात ट्राम कुठे येतेय?"

व्यवहार तिथल्या तिथे ठरला. पण घोडी न्यायची कशी? लालबाग ते गिरगाव म्हणजे सगळ्या ट्रामा, बसगाड्या, टॅक्सी वाटेत. हुसेनमियाँ म्हणाले, इथे आणली तेव्हा ट्रकमध्ये घालून आणली होती. उतरली तेव्हा घामाने निथळत होती, आता पुन्हा ट्रकात चढणार नाही. रात्री न्यायची म्हटलं तर लॉऱ्यांचे दिवे डोळ्यांवर आले की उधळते. एकदा त्यातच खांदा सोलून घेतलाय.

म्हणून शेवंती लालबागलाच राहिली. भाई दोन-तीन दिवसांआड जाऊन तिच्यासमोर पेंढीवर बसून येऊ लागले.

आणि मग एका सकाळी भाई स्वतः जिना चढून मृणालिनीच्या खोलीच्या दारात आले. इतक्या वर्षांत ते भाडेकरूंच्या मजल्यावर कधी आले नव्हते. धाप लागली होती, हातात वर्तमानपत्र होतं.

"हरताळ," ते म्हणाले. "सोमवारी. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. सगळी मुंबई बंद."

हेमचंद्र दाढी करत होता. साबण लावलेलं तोंड घेऊन तो बाहेर आला. "भाई, हरताळ घोडी आणण्यासाठी नाही केला आम्ही."

"ते खरंच," भाई म्हणाले. "पण तुम्ही बंद करताच आहात, तर आम्ही तेवढ्यात आणतो."

हेमचंद्रने बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी असं दिसलं, जे त्याने याआधी पाहिलं नव्हतं. तो तोंड पुसत म्हणाला, "मी येतो बरोबर. छातीवर समितीचा बिल्ला असला तर कुणी अडवणार नाही."

सोमवारी सकाळी ती तिघं चालत निघाली. भाईंनी पायात कॅनव्हासचे बूट घातले होते. लालबागला पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं, पण काहीतरी वेगळं होतं, ते काय हे मृणालिनीच्या लक्षात येईना. मग तिने वर पाहिलं. गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर निघत नव्हता. सकाळी भोंगा झाला नव्हता. आकाश तिच्या माहेरासारखं निळं होतं.

हुसेनमियाँनी शेवंतीच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी म्हणाले आणि दोर मृणालिनीच्या हातात दिला. निरोप द्यायला ते रस्त्यापर्यंत आले नाहीत.

नाक्यावरच माणसांचा घोळका उभा होता, गिरणीतले कामगार. एकाने हात आडवा केला. "काय हो, आज गाडी बंद आहे, माहीत नाही?"

"गाडी कुठाय? नुसती घोडी आहे," भाई म्हणाले.

"चाकं नाहीत हिला," हेमचंद्रने पुस्ती जोडली.

घोळक्यात हशा पिकला. "सोडा रे, सोडा. ही आपलीच. हिनेपण काम बंद ठेवलंय." आणि मग त्यांतले दोघं-तिघं आपणहून पुढे चालू लागले, कोपऱ्याकोपऱ्यावर हात करून सांगत, आवाज करू नका रे, घोडी घाबरते.

चिंचपोकळीच्या पुलावर एकदाच भीती वाटली. रस्ते बंद असले तरी खालून एक आगगाडी आली, एकटीच, रिकामी. पुलाचा कठडा थरथरला. शेवंतीचे कान मागे गेले, ती जागच्या जागी गोल फिरली आणि दोर मृणालिनीच्या तळहातातून सर्रकन घसरला. तिने डोक्यावरचा पदर ओढला आणि घोडीच्या डोळ्यांवर टाकला. घोडीचं अख्खं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन ती उभी राहिली. आप्पा घोड्यांशी बोलायचे ते शब्द तिला आठवत नव्हते, नुसता सूर आठवत होता. तोच तिने धरला. गाडी गेली. पदराखाली शेवंतीचा श्वास गरम होता, गवताचा होता. हेमचंद्र दोन पावलांवर हात पुढे करून उभा होता, कुणाला सावरायला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढचा रस्ता मात्र कुणीतरी धुऊन, पुसून, त्यांच्यासाठीच मोकळा करून ठेवल्यासारखा होता. आर्थर रोड, सात रस्ता, लॅमिंग्टन रोड. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. ट्रामचे रूळ उन्हात चमकत पडलेले, आणि त्यांच्यामधून शेवंती चालत होती. टापांचा आवाज दोन्हीकडच्या इमारतींवर आपटून परत यायचा, त्यामुळे मागून आणखी घोडे येताहेत असं वाटायचं. गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. बघता बघता बोलायची थांबत होती. कुणी विचारलं नाही, कुठून आणली, कुठे नेताय. एका चाळीतून एक आजीबाई तांब्या घेऊन खाली आली. रीतीप्रमाणे घोडीच्या चारी पायांवर तिने पाणी घातलं, हात जोडले आणि परत जिना चढून गेली. भाई सगळ्यांत मागून येत होते. मध्येच ते थांबत, डोळे मिटत, टापा पुढे गेल्या की पुन्हा पावलं उचलत.

एका भिंतीवर तसबीर टांगली होती. जानेवारीच्या गोळीबारात तिथे पडलेल्या मुलाची. हेमचंद्रच्या ओळखीतला होता तो, त्याच्याच सभांना यायचा. तसबिरीला झेंडूचा हार होता. हेमचंद्र थांबला आणि त्याने मान खाली घातली. शेवंतीही थांबली. तिने मान लांब केली आणि हाराचं टोक ओठांत धरलं.

मृणालिनीने दोर ओढला. "राहू दे," हेमचंद्र म्हणाला. "खाऊ दे तिला."

घोडीने झेंडूची दोन फुलं सावकाश चावून खाल्ली. मग ते पुढे निघाले.

तबेल्यातले पलंग आणि मखरं बेबीताईने आदल्याच दिवशी काढून घेतली होती. फरशी धुतली होती, कोपऱ्यात रांगोळीही काढली होती. घोडीची छाती तिने अगदी जवळून तपासली, भोवरा कुठे दिसला नाही, तेव्हा गुळाचा खडा पुढे केला.

पण झोपेचं म्हणाल तर, शेवंती पहिले काही दिवस हूं की चूं करीना. नव्या जागी ती खांबासारखी उभी राहायची. भाई सकाळी लाल डोळ्यांनी मागच्या गॅलरीत येत. "रात्रभर वाट बघितली," ते म्हणत. "पायसुद्धा हलवला नाही तिने."

"नवीन ठिकाणी घोडा आधी ऐकतो," मृणालिनी खरारा करता करता सांगायची. "तुम्ही तिचं ऐकत बसता, ती तुमचं. कुणीतरी एकाने आधी थांबलं पाहिजे."

कोण आधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. एका दुपारी बेबीताई चहा घेऊन गॅलरीत गेली, तर भाई आरामखुर्चीत मान कलती टाकून झोपलेले. तोंड उघडं, चष्मा छातीवर. खाली मृणालिनी तबेल्याच्या दारात होती. बेबीताईने तिला खूण केली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. आतून टक् आवाज आला, मग उसासा. भाई हलले नाहीत. चहा निवला, त्यावर साय धरली, दिवेलागण झाली, तरी ते झोपलेले होते. वाडीतल्या बायकांनी त्या संध्याकाळी नळावर भांडीसुद्धा आपटली नाहीत. पुढे काही रात्री झोप यायची, काही रात्री नाही. पण न येणाऱ्या झोपेची तक्रार भाईंनी पुन्हा केली नाही. "सोबत आहे," एवढंच म्हणायचे.

हेमचंद्र एकदा ऑफिसातून बैठकीला न जाता सरळ तबेल्यात आला. चपला काढून गवतावर बसला. बायको घोडीच्या आयाळीतले गुंते सोडवत होती.

"आप्पांबद्दल तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

ती गुंता सोडवत राहिली. मग तिने सांगितलं. संस्थान गेलं तेव्हा पागेचा लिलाव झाला. घोडे ओळीने उभे केले. टांगेवाले आले, वरातवाले आले. आप्पा प्रत्येकाला खरं ते सांगत होते. हा घे, याचे पाय चांगले आहेत. हा नको घेऊस, तुझ्या चढावर दमेल. याला रात्री एकटा ठेवू नकोस. अख्खा दिवस त्यांनी सल्ला दिला. संध्याकाळी पागा रिकामी झाली. ते घरी आले, हातपाय धुतले आणि त्यानंतर घोडा हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. वर्षाच्या आत गेले.

"मग मीही नाही काढला," मृणालिनी म्हणाली.

हेमचंद्र उठला. घोडीला हात लावायला त्याला अजून धीर होत नव्हता. त्याने बायकोच्या हातातला कंगवा घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि शेपटीच्या अगदी टोकापासून, भीत भीत, सुरुवात केली.

भीती कशी घालवायची ते मृणालिनीला माहीत होतं. शेवंतीला ती रोज वाडीच्या दरवाजापर्यंत आणायची, ट्राम जाईपर्यंत उभी ठेवायची, हरभरे चारायची आणि परत न्यायची. आधी आतून, मग उंबऱ्यावरून, मग रस्त्याच्या कडेवरून. हिवाळा सरला. होळी झाली, आणि एका पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, ती चौघं शेवंतीला घेऊन चौपाटीवर गेली. बेबीताईसुद्धा आली, या वेळी रुमालाशिवाय.

भरती ओसरत होती. ओली वाळू गुलाबी दिसत होती, समुद्राचा आवाज झोपेतल्या माणसासारखा संथ होता. शेवंतीने पहिल्यांदाच समुद्र पाहिला असावा. कान पुढे केले. घाबरली नाही.

"बस ना," हेमचंद्र म्हणाला.

"मी?" मृणालिनी हसली. "मी कधी बसले नाही."

"काय सांगतेस!" भाई मागून म्हणाले. "घोड्यांतलं एवढं कळतं तुला, आणि..."

"पागेत मुलींनी बसायची रीत नव्हती. मी नुसती बघायची. धरायची. चारायची."

हेमचंद्रने वाकून दोन्ही हातांची ओंजळ केली. तिने चप्पल काढली, लाजत आजूबाजूला पाहिलं. मासे घेऊन चाललेल्या दोघी कोळणींशिवाय कुणी नव्हतं. पाय ओंजळीत ठेवला आणि ती वर गेली, एका अंगाला पाय सोडून, आयाळ मुठीत धरून. खालून दिसायची त्यापेक्षा घोडीची पाठ रुंद होती आणि जिवंत होती. तिच्या श्वासाबरोबर मृणालिनी वर जात होती, खाली येत होती.

"दोर सैल सोड," भाईंनी सल्ला दिला.

तिने दोर सैल सोडला. शेवंती पाण्याच्या कडेकडेने चालू लागली. लाट आली, टापा बुडाल्या, लाट परत गेली. हेमचंद्र थोडा वेळ बरोबरीने चालला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला तसा थांबला. बेबीताई काहीतरी ओरडून सांगत होती, ते वाऱ्यावर विरून गेलं. समोर वाळू रिकामी होती, पार मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत, आणि घोडीला कुठे थांबायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.